विषयप्रमुख मॅडम बैठकीत बोलत नाहीत म्हणून विचारलंत, त्यावर जरा सविस्तर

नमस्कार सर. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिली ते सातवीची जिल्हा परिषद शाळा, सहा शिक्षक, तुम्ही प्रभारी मुख्याध्यापक आणि एक वर्ग पण तुमच्याकडेच. यावर्षी तुम्ही प्रत्येकाला एकेक विषय वाटून दिला, शाळाभर त्या विषयाकडे त्यांनी बघायचं म्हणून. गणित ज्या मॅडमकडे दिलं त्यांचा स्वतःचा वर्ग छान आहे, पोरं पटपट गणितं करतात, पण बैठकीत बोला म्हटलं की "सर मला नाही जमत, दुसऱ्या कोणाला सांगा", आणि सिनियर लोक त्यांचं मनावर घेत नाहीत ते वेगळंच. मॅडमचा कॉन्फिडन्स कसा वाढवायचा आणि त्यासाठी एखादं ट्रेनिंग आहे का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी हेही विचारलंय की त्यांनी सरळ नाहीच म्हटलं तर काय करायचं.

मी यवतमाळ जिल्ह्यात २९ वर्षं नोकरी केली. सुरुवातीला वर्गशिक्षिका, मधे काही वर्षं गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्याला शिक्षकांना मदत करणाऱ्या केंद्रात, गणिताची विषयतज्ज्ञ, शेवटची वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची (केंद्राची) प्रमुख. तुमच्या मॅडमसारख्या खूप जणी आणि खूप जण पाहिले, त्यावरून सांगते. मला हा कॉन्फिडन्सचा प्रश्न वाटत नाही. त्या मॅडमना आपला वर्ग माहीत आहे, बाकीचे वर्ग माहीत नाहीत, आणि जे माहीत नाही त्याबद्दल चारचौघांसमोर बोलायला कोणत्याही प्रामाणिक माणसाला जड जातं. तुम्ही त्यांना विषय दिला पण त्या विषयाची शाळेतली खरी परिस्थिती त्यांच्या हातात दिली नाही. हातात काही नसताना उभं राहून बोलायचं म्हणजे मग पुस्तकातलं बोलावं लागतं, आणि पुस्तकातलं सिनियर लोकांना आधीच माहीत असतं, म्हणून ते ऐकत नाहीत. मॅडमचं न बोलणं आणि सिनियरांचं न ऐकणं, दोन्हीच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे.

आता आधी काही गोष्टी ज्या परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगून टाकते. सहा शिक्षक असल्यामुळे तुमच्याकडे हे जमू शकतं. द्विशिक्षकी शाळा असती तर मी म्हटलं असतं की शाळेत विषयप्रमुख करूच नका, केंद्रातल्या चार-पाच शाळा मिळून एकेक विषय वाटून घ्या. दुसरं, मॅडम अपडाऊन करतात की गावातच राहतात यावरही बरंच आहे, कारण ज्याला चारची एसटी पकडायची त्याला तुम्ही शाळा सुटल्यावर थांबा म्हणून काही उपयोग नाही, तो थांबला तरी मन स्टँडवरच असतं. तिसरं, तुमच्याकडे सहावी-सातवीला आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, विषयशिक्षक असतील तर ते आणि हे विषयप्रमुख यात घोळ होऊ देऊ नका. सहावी-सातवीचे गणित-विज्ञानाचे सर त्या वर्गांना शिकवतात, पण पहिलीपासून सातवीपर्यंत गणित कसं वर चढत जातं हे पाहणारं माणूस वेगळं असू शकतं, आणि माझं मत विचाराल तर ते खालच्या वर्गाचंच असलेलं बरं, कारण बिघाड बहुतेक वेळा खालीच होतो आणि दिसतो वर.

ही कल्पना काही नवीन नाही. इंग्लंडमधेही प्राथमिकला एकच शिक्षक जवळपास सगळे विषय शिकवतो, आणि तिथे १९८२ साली कॉकक्रॉफ्ट समितीने प्रत्येक प्राथमिक शाळेत गणिताचा एक समन्वयक असावा असं सुचवलं होतं. म्हणजे जो प्रश्न तुमच्या मॅडमसमोर आहे, आपला वर्ग सांभाळून शाळाभराचा विषय कसा सांभाळायचा, तो तिकडच्या शिक्षकांसमोरही इतकी वर्षं आहेच.

आता मुद्द्यावर येते. माझा सगळा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर विषयप्रमुखाला पहिले दोन-तीन महिने बोलायला लावूच नका, वह्या द्या. कशा ते सांगते.

आमच्या केंद्रात एक मॅडम होत्या, अशाच, वर्गात वाघीण आणि बैठकीत मान खाली. मी त्यांना फक्त एक काम सांगितलं. दुसरी ते पाचवीच्या सगळ्या पोरांना एकाच दिवशी दहा संख्या तोंडी सांगायच्या आणि त्यांनी अंकात लिहायच्या, बास. दुसरीला २९, ३५, ५३, ६९, ७०, ७९, ८९ एवढ्याच, तिसरीपासून पुढे त्यात १०५, ३५० आणि ५०३. वर्ग त्या त्या शिक्षकानेच घ्यायचा, पंधरा मिनिटं लागतात, कागद मॅडमकडे जमा. मार्क द्यायचे नाहीत, कोणाचा वर्ग किती टक्के वगैरे काढायचं नाही. हे मी दहादा बजावलं, कारण टक्के काढले की शिक्षक सावध होतात आणि आदल्या दिवशी घोकून घेतात.

मॅडम ते कागद घरी घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी त्यांचा मला फोन. आवाज वेगळाच होता. म्हणे मॅडम, तिसरीत तेवीसपैकी नऊ पोरांनी त्रेपन्नला ३५ लिहिलंय. आणि चौथीतही चौघांनी. आणि एकोणऐंशी म्हटलं की ८९ लिहितात, एकोणनव्वदला ९९ लिहितात. "काहून असं होत असन?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच बोलता बोलता उत्तर काढलं. आपण मराठीत त्रेपन्न म्हणतो तेव्हा कानावर आधी तीन पडतं आणि मग पन्नास, पोरगं ऐकलं तसं लिहितं, तीन मग पाच. एकोणऐंशीत ऐंशी ऐकू येतं म्हणून ते आठ लिहितं, एकने कमी हे त्याला कोणी उघडून दाखवलंच नाही. एकशे पाचला १००५ लिहिणारे पण होते, तेही तसंच, शंभर लिहिलं आणि पुढे पाच लिहिलं. म्हणजे पोरं बिनडोक नाहीत, उलट ती जे ऐकतात ते इमानदारीने लिहितात, चूक आपल्या शिकवण्यात राहून गेलेल्या एका पायरीची आहे.

हे त्या मॅडमना मी सांगितलं असतं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं असतं आणि विसरल्या असत्या. त्यांनी स्वतःच्या शाळेच्या कागदांवरून काढलं म्हणून ते त्यांचं झालं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्यांना कोणी बोला म्हणायची गरजच पडली नाही. त्यांनी कागद टेबलावर मांडले, वर्गवार नाही तर चुकीवार, म्हणजे ३५ लिहिणाऱ्यांचा एक गठ्ठा, ८९ लिहिणाऱ्यांचा एक, १००५ वाल्यांचा एक. सगळे वर्ग मिसळलेले. त्यामुळे कोणाच्या वर्गाची बदनामी झाली नाही आणि जे सिनियर सर कधी मान वर करून बघत नव्हते ते उठून गठ्ठे चाळायला लागले. त्यातलेच एक म्हणाले की माझ्याकडे वीस वर्षं झाली हे पोट्टे असंच लिहितात, मी समजत होतो लक्ष नाही यांचं.

हीच मॅडम पुढे २०१९ ला आम्हाला कामी आली. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात तेवीसच्या सोबत वीस तीन असं वाचायची पद्धत दिली होती आणि राज्यभर केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला. गावात पालकसभेत एक पालक चांगलेच तापले, आम्ही काय त्रेपन्न म्हणून शिकलो नाही का, पोरांची मराठी बुडवता का म्हणून. मुख्याध्यापकांना काय बोलावं सुचेना. मॅडम शांतपणे उठल्या, कपाटातून ते जुने कागद आणले आणि त्या पालकांच्याच हातात दिले. म्हणाल्या, "दादा, आपण त्रेपन्नच म्हणू, ते काही सोडायचं नाही, पण लिहायला शिकवताना सोबत पन्नास तीन ऐकवू म्हणजे त्याला कळंल पाच आधी का येतो. हे बघा तुमच्याच गावातल्या पोरांचं." सभा तिथेच थंड झाली. मी मागच्या खुर्चीवर बसून हे बघत होते आणि मला आठवत होतं की याच मॅडम दोन-तीन वर्षांआधी माईक नको म्हणून माझ्यापुढे रडायला आल्या होत्या.

म्हणून ट्रेनिंगबद्दल माझं म्हणणं असं आहे. ट्रेनिंगला पाठवा, जरूर पाठवा, नवीन शैक्षणिक धोरणातही शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, डाएटकडून (जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था) आणि तालुक्यावर काही ना काही चालूच असतं. पण कागद आधी आणि ट्रेनिंग नंतर. आपल्या शाळेचा प्रश्न मनात घेऊन गेलेलं माणूस ट्रेनिंगमधून उत्तर शोधून आणतं, आणि रिकामं गेलेलं माणूस प्रमाणपत्र आणतं.

पुढची पायरी, विषयाचं स्वतःचं ज्ञान. इथे आपण जरा मोकळेपणाने बोललं पाहिजे. आपल्यातले कितीतरी जण बारावी आर्ट्स करून डी.एड. झालेले आहेत, अपूर्णांकाचा भागाकार आला की पोटात गोळा येतो, आणि हे कोणापुढे बोलता येत नाही. तुमच्या मॅडम बोलत नाहीत त्यात ही भीतीही असू शकते की कोणी सहावीतलं काही विचारलं तर. यासाठी मी करायला लावायची ती गोष्ट अगदी साधी आहे. एका दुपारी पहिली ते पाचवीची गणिताची पुस्तकं सतरंजीवर पसरायची आणि एकच धागा पकडायचा, समजा वजाबाकी. पहिलीत ती कुठे आणि कशी येते, दुसरीत काय वाढतं, तिसरीत शून्य मधे आलं की काय होतं, जिथे जिथे सापडेल तिथे कागदाची चिठ्ठी लावायची. एक धागा, दोन तास. पुढच्या महिन्यात दुसरा धागा. वर्षात पाच-सहा धागे होतात आणि एवढ्याने माणूस विषयात घट्ट उभं राहतं. पहिलीचं पुस्तक २०२५ ला बदललंय त्यामुळे हे सगळ्यांनाच नव्याने करावं लागणार, म्हणजे मॅडम कोणाच्या मागे नाहीत, ही उलट चांगली संधी आहे.

आणि त्यांना हे सांगून ठेवा, तुमच्या तोंडून सांगा, की "मला माहीत नाही, बघून सांगते" हे विषयप्रमुखाने म्हटलं तर चालतं. मुख्याध्यापकाने बैठकीत एकदा स्वतः असं म्हणून दाखवलं की बाकीच्यांची अर्धी भीती जाते. माझ्या अनुभवात याइतकं लवकर लागू पडणारं दुसरं काही नाही.

वजाबाकीवरून आठवलं. एका शाळेत आम्ही ५२ वजा २७ हे गणित तिसरी ते पाचवीला दिलं. बरीच पोरं ३५ लिहितात, कारण दोनातून सात जात नाही म्हणून ती सरळ सातातून दोन काढतात. हे तुम्हालाही माहीत असेल. पण विषयप्रमुख असलेल्या सरांनी एक पाऊल पुढे जाऊन प्रत्येक शिक्षकाला विचारलं की तुम्ही वर्गात हे करताना तोंडाने काय बोलता. दुसरीच्या मॅडम म्हणायच्या दशक सुटा करा. तिसरीचे सर म्हणायचे शेजारून उसना घ्या. चौथीत हातचा घ्या. पाचवीत एक खाली उतरवा. पोरगं दरवर्षी नवीन वर्गात जातं आणि दरवर्षी त्याला तीच गोष्ट नवीन गोष्ट वाटते. मग सगळ्यांनी बसून ठरवलं की चारही वर्गात एकच शब्द वापरायचा, दशक सुटा करणे, आणि पहिले पंधरा दिवस गठ्ठा खरोखर सोडून दाखवल्याशिवाय फळ्यावर लिहायचं नाही. गठ्ठे कशाचे, तर तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे. गावात तुराट्या काय कमी आहेत, पोरांनीच बोटाएवढे तुकडे करून आणले, दहा-दहाला रबर लावला. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवायच्या, सत्तावीस काढ म्हणायचं. सुट्या दोनच आहेत, सात लागतात, पोरगं थांबतं, इकडेतिकडे बघतं, आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर काढतं. तो रबर काढायचा क्षण मी कितीतरी वर्गात पाहिलाय, प्रत्येक वेळी चेहरा बघण्यासारखा असतो.

सांगायचं हे की विषयप्रमुखाचं काम म्हणजे दुसऱ्यांना शिकवणं नाही. शाळाभर एक शब्द, एक पद्धत ठरवून घेणं हे त्याचं काम, आणि ते वर्गावर्गातून विचारत फिरणाऱ्या माणसालाच जमतं. असं एक जरी काम झालं ना, तरी सिनियर लोक मान्य करतात.

साहित्याचा विषय निघालाच आहे तर, बऱ्याच शाळांत गणित पेटी कपाटात कुलूप लावून असते कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली असते आणि एखादा तुकडा हरवला तर जबाबदारी कोणाची ही भीती. तुम्ही मुख्याध्यापक आहात, हे तुमच्याच हातात आहे. लेखी द्या की वर्गात वापरताना तुटलं-हरवलं तर शिक्षकाला विचारणा होणार नाही, आणि पेटी कपाटाबाहेर काढा.

आता दुसऱ्यांच्या वर्गात जाण्याबद्दल. इथे मी स्वतः मोठी चूक केलेली आहे. विषयतज्ज्ञ झाले तेव्हा नवीन नवीन मी तपासणीचा तक्ता घेऊन वर्गाच्या मागे बसायची आणि निघताना शेरेबुकात लिहायची, साहित्याचा वापर अपुरा, गटकार्य दिसले नाही, असं. एका शाळेत एक वयाने मोठे गुरुजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यांच्या वर्गात मी असं लिहून आले. पुढच्या वेळी गेले तर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मांडली, चहा मागवला, आणि शांतपणे म्हणाले "मॅडम तुम्ही बसा, मी आज पाठ घेत नाही, तुम्ही घ्या, मी शिकतो." मी पाठ घेतला आणि तो फसला. पहिलीची पस्तीस पोरं, मला पंधरा मिनिटं पण सांभाळता आली नाहीत. गुरुजींनी मग पुढे येऊन एक गाणं घेतलं आणि वर्ग दोन मिनिटांत जागेवर. त्या दिवसानंतर मी तक्ता घेऊन कोणाच्या वर्गात गेले नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मॅडमच्या वर्गात बाकीच्यांना बोलवा, आणि तेही त्यांच्या उत्तम पाठाला नाही तर अडलेल्या पाठाला. "माझ्या वर्गाला हे जमत नाहीये, जरा बघता का" असं म्हणून बोलवलेलं माणूस मदत करायला येतं, परीक्षण करायला येत नाही. सिनियर सरांना तर आवर्जून बोलवा, वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव कोणीतरी विचारावा अशी त्यांची पण इच्छा असतेच, कोणी विचारत नाही म्हणून ते बाजूला बसतात. दोन-तीनदा असं झालं की मग मॅडम दुसऱ्याच्या वर्गात गेल्या तरी कोणाला टोचत नाही. आणि गेल्यावर बघायचं काय, तर शिक्षकाकडे नाही, चार पोरांच्या वह्यांकडे. नंतर बोलायचं ते पण वहीबद्दल, शिक्षकाबद्दल नाही.

वेळेचं काय, हे तुम्ही विचारलं नाही पण तिथेच गाडी अडणार आहे. आरटीईत आठवड्याचे ४५ तास धरलेत आणि त्यात पूर्वतयारीचे तास पण धरलेत, पण पोषण आहाराची रोजची नोंद, यूडायसची (शाळेची सरकारी माहिती) भरणी, आधार, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम आणि दर दोन दिवसाला व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ही लिंक तातडीने भरा, यात ते तास कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे माझा नियम होता की विषयप्रमुखाला एक काम द्यायचं तर त्याच्याकडचं एक काम काढून घ्यायचं. मॅडमकडे पोषण आहाराचं रजिस्टर असेल तर ते वर्षभर दुसऱ्याकडे द्या किंवा स्वतःकडे घ्या. आणि आठवड्यातून एक तासिका त्यांचा वर्ग तुम्ही सांभाळा. तुमच्याकडे पण वर्ग आहे मला कळतं, दोन वर्ग एकत्र बसवावे लागतील, गोष्ट सांगा, गाणी घ्या, मैदानावर न्या, पण ती एक तासिका मॅडमना मोकळी द्या. ती दिली नाही तर वरचं सगळं राहू द्या, काहीच होणार नाही. आणि ती तासिका शनिवारी ठेवा, सकाळची शाळा असते, डोकं ताजं असतं.

वर्षाचा हिशोब आपल्या इकडचा ठेवा. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मधात उघडतात, आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस, म्हणजे आधीच दिवस कमी. शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंत फक्त वह्या आणि कागद गोळा करणं, काही बोलायचं नाही, काही ठरवायचं नाही. पोळा ते दिवाळी एकच गोष्ट शाळाभर ठरवून करणं, जसं वरचं दशक सुटा करण्याचं. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी पडते, मोठी पोरं लहान भावंडं सांभाळायला घरी राहतात किंवा स्वतःच वेचायला जातात, तेव्हा नवीन काही सुरू करू नका, सुरू केलं तर अर्ध्या वर्गाचं बुडतं आणि दोष मॅडमच्या माथी येतो. तो काळ पुस्तकांचे धागे काढायला वापरा. संक्रांतीनंतर एकमेकांच्या वर्गात जाणं, आणि त्याच सुमारास पुन्हा त्याच दहा संख्या, तेच वजाबाकीचं गणित. मार्चपासून सकाळची शाळा, परीक्षा, तेव्हा तो विषय बंद.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: आधी वह्या, मग एकच गोष्ट शाळाभर, मग वर्गात येणं-जाणं, आणि या सगळ्यासाठी आठवड्याला एक मोकळी तासिका. बोलणं या सगळ्यात कुठे वेगळं शिकवावं लागत नाही, ते आपोआप येतं.

गणित सोडून दुसऱ्या विषयाचं पण असंच का, तर हो, फक्त वहीच्या जागी दुसरं काही येतं. आमच्या भागात कोलाम या आदिवासी समाजाच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शाळा आहेत, पोरं घरी कोलामी बोलतात, ती भाषा मराठीच्या कुळातली नाही, तेलुगू-गोंडीच्या कुळातली आहे. तिथे एका तरुण सरांकडे मराठी भाषा विषय दिला होता आणि ते वैतागून गेले होते, पोरं बोलतच नाहीत म्हणून. त्यांनी वहीऐवजी पोडावर संध्याकाळी बसायला सुरुवात केली. एक आजी आणि अंगणवाडीच्या मदतनीस ताई, दोघींना धरून रोजच्या वापरातले शंभरेक शब्द कोलामीत लिहून काढले, देवनागरीतच, वही केली. पाणी, चूल, शेळी, ये, बस, दुखतं का, असले शब्द. मग पहिलीच्या वर्गात चित्र दाखवून आधी त्यांच्या भाषेत म्हणू द्यायचं, नंतर मराठी. महिन्याभरात वर्गात आवाज आला. पुढे शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्या सरांना ती वही दाखवायला सांगितली तर वीस मिनिटं बोलले, आणि शेजारच्या दोन शाळांनी वहीची झेरॉक्स मागून नेली. त्यांना भाषणकला कोणी शिकवली नव्हती, त्यांच्या हातात एक गोष्ट होती जी केंद्रातल्या दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

शिक्षण परिषदेवरून एक लहानशी गोष्ट. मॅडमना पहिल्यांदा केंद्रात बोलायचं असेल तर पीपीटी करायला लावू नका. लाईट जाते, प्रोजेक्टर लागत नाही, आणि माणूस त्या गडबडीत आधीच घाबरतं. चार वह्या आणि एक तुराट्यांचा गठ्ठा घेऊन जाऊ द्या, उभं न राहता सगळ्यांमधे बसून बोलू द्या, दहा मिनिटं. तुमच्या केंद्रप्रमुखांना आधी फोन करून सांगून ठेवा की त्यांना मधेच प्रश्न विचारू नका, शेवटी विचारा. आणि तुम्ही स्वतः पहिल्या रांगेत बसा. मुख्याध्यापक समोर बसलेला दिसला की बरं वाटतं, माझं स्वतःचं तसंच व्हायचं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मॅडमनी सरळ नाहीच म्हटलं तर. तर आधी कारण विचारा, पण ऑफिसात बोलावून नाही, मधल्या सुट्टीत सहज. दोन प्रकारची कारणं निघतात. एक भीतीचं, त्यावर वरचं सगळं लागू आहे. दुसरं घरचं, सासू अंथरुणावर असेल, लहान मूल असेल, नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असेल, बदलीची फाईल अडकली असेल. बायांच्या बाबतीत हे फार असतं आणि त्या ते बोलून दाखवत नाहीत, जमत नाही एवढंच म्हणतात. तसं असेल तर यावर्षी त्यांना मोकळं सोडा, मनात काही न ठेवता, आणि गणित तुम्ही स्वतःकडे घ्या. ते दहा संख्यांचे कागद तुम्ही गोळा करा आणि चुकांचे गठ्ठे लावायला फक्त एक दुपार त्यांना सोबत बसवा, कारण वर्ग त्यांचा चांगला आहे, चूक कशामुळे झाली हे त्यांना तुमच्याआधी दिसेल. कागद गोळा झाले की त्या काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा, मला खरंच ऐकायचं आहे.